पायातला

१२ नोव्हेंबर

काशीरामकाकांनी मला आल्या आल्या एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला येत नाही. डोळे मिटले तरी माझे पाय कुठे आहेत हे मला बरोबर कळतं, मग मी कुठे आहे हे त्यांना का कळत नाही, असं ते म्हणाले. मी अजून खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. मला येत नाही म्हटल्यावर ते खूश झाले. आजवर आलेल्या सगळ्यांना येत होतं म्हणे, आणि काकांचे पाय काही उठले नाहीत.

घर तारकर्लीच्या पुढे, खाडीच्या बाजूच्या वाडीत आहे. काकांचा मुलगा सुदेश मला कुडाळ स्टेशनवरून मोटारसायकलने घेऊन आला. मागे वॉकर बांधला होता. चिपीच्या चढावर एकाने हाक मारून विचारलं, काय रे सुद्या, बायल हाडलंस की खुर्ची, म्हणजे बायको आणलीस की खुर्ची. सुदेश म्हणाला, डाक्टरीण. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे दोघांनाही सांगायचं राहून गेलं.

मला पर्यटकांसाठी बांधलेली खोली दिली आहे. भिंतीवर निळा डॉल्फिन रंगवलाय. त्याच्या शेपटीखाली ‘टॉवेल वाळूत नेऊ नये’ अशी पाटी आहे. रुग्णांच्या घरी फिजिओथेरपिस्ट पाठवणाऱ्या आमच्या संस्थेने मला इथे दोन महिने ठेवलंय, कारण रोज कुडाळहून ये-जा करण्यात अर्धा दिवस जातो. जानकीकाकींनी ताटात बांगड्याचं तिखलं वाढलं आणि मी कुणाची, आई काय करते, सगळं काढून घेतलं. आई काजूच्या फॅक्टरीत बी सोलते, बाबा बाजारात हमाली करतात आणि घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, हे ऐकल्यावर आणखी एक बांगडा आला.

आईला फोन करून सांगितलं की काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, आणि मी या माणसाला उभं करूनच घरी येणार. आई म्हणाली, तेजस्वी, आधी जेव नीट.

१४ नोव्हेंबर

कागद सगळे वाचले. हृदयातून निघून पाठीच्या कण्याला लागून खाली उतरणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. काकांची ती छातीत फुग्यासारखी फुगली होती. मार्चमध्ये मुंबईत फुगलेला तुकडा काढून त्या जागी कापडी नळी शिवली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. शुद्धीवर आल्यावर काकांनी दोन्ही पाय हलवून दाखवले होते. त्यानंतर दोन दिवसांनी रक्तदाब घसरला आणि पाय गेले.

हे माहीत असलेलं संकट आहे. मज्जारज्जूला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या महाधमनीच्या त्याच भागातून फुटतात. त्या बंद झाल्या की मज्जारज्जू आजूबाजूच्या आडवाटांनी मिळेल तेवढ्या रक्तावर जगतो, आणि दाब जरा पडला की उपाशी राहतो. डॉक्टरांनी धावपळ केली. दाब चढवला, पाठीत नळी घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढलं. मागचा भाग वाचला, पुढचा गेला. त्यामुळे काकांना पाय हलवता येत नाहीत, टोचलेलं आणि गार-गरम कळत नाही. पण स्पर्श कळतो. डोळे मिटून बसवावं, पायाचा अंगठा हळूच वर किंवा खाली करावा आणि विचारावं, तर ते दर वेळी अचूक सांगतात.

सुदेशने माझ्या सांगण्यावरून मागच्या अंगणात माडाचे दोन गुळगुळीत वासे कमरेएवढ्या उंचीवर आडवे बांधून दिलेत. त्यांना धरून काका उद्यापासून उभं राहायचा सराव करतील. गुडघ्यांना पट्टे, दोन्हीकडे आम्ही दोघं. काका म्हणाले, गो चेडवा, तीस वर्सां तांडेल होतंय, होडी उभी रवता तसो मी पण रवतलंय. काकी आतून म्हणाल्या, होडी कमी खाता.

१८ नोव्हेंबर

काका आज वाशांना धरून उभे राहिले. घाम फुटला, ओठ पांढरे झाले, पण बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शेजारचे भिकाजीआजोबा कुंपणावरून बघत होते. त्यांनी विचारलं, काशीराम, थंयसून मुंबई दिसता काय रे. काकांनी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. पट्टे काढताना तळवे पाहिले. आठ महिने जमिनीला न लागलेला तळवा मऊ पडतो, लहान मुलासारखा होतो. काकांचे तळवे जाड आहेत. टाचांना भेगा आहेत आणि भेगांत वाळू. डाव्या पायाची करंगळी नाही, ती नांगराच्या दोरात अडकून फार पूर्वीच गेली. तिच्या जागच्या वणावरसुद्धा नवा घट्टा आलाय.

काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, मी रोज सकाळी कोमट पाण्याने पुसते. आणि एवढंच बोलून मासे निवडायला गेल्या.

२० नोव्हेंबर

उजव्या टाचेत काटा. केवड्याचा. मी सकाळी स्वतः पाय पुसले होते, तेव्हा नव्हता. जेवणं झाल्यावर सगळे पडले, मीही डॉल्फिनच्या खोलीत लवंडले. चहाच्या वेळी पाहिलं तर काटा रुतलेला, आणि आजूबाजूचं रक्त सुकलेलं. काकांना काहीच कळलं नव्हतं. त्यांना कळणारही नाही.

मनात आलं ते आधी सांगते: मला आनंद झाला. हा माणूस झोपेत चालत असेल तर मज्जारज्जूत कुठेतरी वाट जिवंत आहे. उद्या दुपारी झोपायचं नाही.

२१ नोव्हेंबर

दुपारभर त्यांच्या पलंगाशी बसले. इथली दुपार विचित्र असते. जेवणानंतर सगळी वाडी एकदम विझते. रापणीचं जाळं ओढणारे, होड्यांवरचे, कुत्रीसुद्धा. समुद्राचा आवाज तेवढा राहतो.

पाय हलले नाहीत. चादरीची घडी मोडली नाही. पण काका डोळे मिटून जागे होते. म्हटलं, वेळ आहे तर परीक्षा घेऊ. अंगठा वर केला आणि विचारलं, वर की खाली. ते म्हणाले, रेतीत. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, ओली रेती आसा, अंगठो रुतलो. मग म्हणाले, आता सुकी. आता बांधार चडलो.

पाय माझ्या हातात होता. अंगठा मी वर धरून ठेवला होता. आणि तळव्याला, माझ्या बोटांखाली, ओल आली.

मी विचारलं, असं रोज होतं का. ते म्हणाले, रोज दुपारचा. कोणाला का नाही सांगितलं, तर म्हणाले, पाय गेलो तो गेलो, आता डोक्या पण गेला म्हणतीत.

कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की मज्जारज्जूच्या रुग्णांना असे भास होतात, पाय चालताहेत असं वाटतं, घाबरू नकोस, नोंद ठेव. मी नोंद ठेवतेय. तळव्याला ओल आली, ते मी त्यांना सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर

आज मी शहाणपणा केला की मूर्खपणा, ठाऊक नाही. काकांच्या कानाला फोन लावून दिला, काकींना शेजारी बसवलं आणि स्वतः किनाऱ्यावर गेले. म्हटलं, ते जिथे म्हणतील तिथे जायचं. तिथे काहीच नसेल, आणि मग मी त्यांना शांतपणे समजावून सांगू शकेन.

डोक्यावर ऊन, वाळूवर डोळे ठरत नव्हते. माणूस नव्हता. काका फोनवर सांगत होते, जाळ्यांच्या खोपीकडे इलो. मी खोपीकडे गेले. म्हणाले, आता पाण्याच्या कडेन खाडीकडे. मी पाण्याच्या कडेला पोचले.

माझ्या पुढे ओल्या वाळूत पावलं होती. अनवाणी. ताजी, त्यांत पाणी अजून भरत होतं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

काका म्हणाले, उजवो पाय शिंपलीवर पडलो. आणि माझ्या पुढे, हाताच्या अंतरावर, वाळू दबली. बोटं उमटली. शिंपली कुरकुरली, तो आवाज मला ऐकू आला. मग डावं पाऊल. मग उजवं. त्यांच्यावर काहीच नव्हतं, सावलीसुद्धा नाही.

मी पळाले नाही. हे मुद्दाम लिहितेय. मी त्या पावलांच्या मागून खाडीच्या तोंडापर्यंत गेले. तिथे उंडलीच्या झाडाखाली एक शेंदूर न लावलेला दगड आहे आणि त्याच्यापुढे चपलांचे जोड. पावलं दगडाला वळसा घालून वाडीच्या हद्दीने पुढे गेली. तिथून पुढे मला जाववलं नाही.

घरी आले तेव्हा काकांच्या उजव्या तळव्याला शिंपलीने कापलेली बारीक रेघ होती.

२५ नोव्हेंबर

काकींनी आज सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

तो दगड म्हणजे देवचाराचं ठिकाण. देवचार वाडीचा राखणदार. तो हद्दीवरून फेरी मारतो म्हणून वाडी सुखरूप राहते. चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवस फेडायचा तो चपलांनी. हे मलाही नवीन नाही, आमच्या गावातही आहे. लहानपणी त्या चपलांचे झिजलेले तळ मी स्वतः पाहिलेत. फक्त या वाडीत त्याच्यापुढे चप्पल हा शब्द उच्चारत नाहीत. आदराने ‘पायातला’ म्हणतात.

शस्त्रक्रियेच्या सकाळी वाडी ठिकाणाशी जमली. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवचाराकडे मागणं मांडायचा मान वाडीतल्या महादूमामांचा, पण ते सुदेशबरोबर मुंबईला गेले होते. म्हणून काकींनीच घातलं. बा म्हाराजा, माज्या घोवाचो जीव राख, त्याच्या पायातला तुका देतलंय, असं म्हणायचं होतं. पण ‘पाय’ म्हटलं आणि हुंदका आला. बाकीचं हुंदक्यातच गेलं. पुढचा शब्द निघाला तो ‘तुका’, म्हणजे ऐकू गेलं ते एवढंच, त्याचे पाय तुला. आणि गाऱ्हाणं घालणारा थांबला की जमलेल्यांनी एका सुरात जे म्हणायचं असतं, ते सगळे म्हणाले. व्हय म्हाराजा.

काका आल्यावर काकींनी नव्या चपला नेऊन ठेवल्या. त्या अजून नव्याच आहेत. धूळ बसली, पण तळ झिजला नाही. काकी म्हणाल्या, त्याका चपला कित्याक होये गो, त्याका पाय गावले.

मी त्यांना म्हटलं की पाय रक्तदाब पडल्याने गेले, तुमच्या शब्दाने नाही. ते खरं आहे. मी ते वाचलंय, शिकलेय, आणि आजही मानते. पण पाय का गेले, हे मला माहीत आहे. गेले कुठे, हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

गार पाण्याची बाटली पोटावरून वर सरकवत नेली की काका कुठे ‘गार’ म्हणतात ते मी पहिल्या दिवसापासून पाहतेय. आले तेव्हा बेंबीपाशी म्हणायचे. गेल्या आठवड्यात बेंबीच्या बरंच वर. आज बरगड्यांच्या खाली.

‘गार’ म्हणतात तिथे मी मारते ती खुणेची रेघ वर चढतेय.

त्यांना गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. स्कॅन झाला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी चित्र मला दाखवलं, मार्चमधलं आणि आजचं शेजारी शेजारी ठेवून. काहीच बदललेलं नाही. नळी ठीक, रक्त वाहतंय, मज्जारज्जूवरचा जुना डाग तेवढाच. मग रेघ का चढते, तर म्हणाले, लक्ष ठेवा, श्वास अडला तर लगेच आणा.

छातीच्या स्नायूंपर्यंत रेघ पोचली की माणसाला नीट खोकता येत नाही. त्याच्याही वर गेली तर श्वास.

परतताना काका म्हणाले की दुपारी आता नुसते पाय नसतात. कंबरसुद्धा चालते. काल पोटावर वारा लागला, समुद्रावरचा.

३० नोव्हेंबर

महादूमामांना बोलावलं. मोठा, शांत माणूस, बोलणं मोजकं. मी म्हटलं, चुकून गेलेला शब्द आहे, परत घ्या. ते म्हणाले, दिलेला परत मागूक येणा नाय. देवचाराला राग नाही, लोभ नाही. त्याला जे दिलं ते तो वापरतो. कुणी दिलं, कसं दिलं, हे तो बघत नाही. लोकांनी व्हय म्हटलं की झालं.

मी म्हटलं, कोणत्या लोकांनी? ज्याचे पाय त्याने कुठे म्हटलं? तो तर टेबलावर बेशुद्ध होता. आमच्याकडे माणसाला साधं कापायचं झालं तरी आधी त्याला समजावून विचारतात, आणि नाही म्हणायचा हक्क त्याचा असतो. तुमच्या राखणदाराला एवढंही कळत नसेल तर तो राखतो काय?

कुंपणावरून भिकाजीआजोबा म्हणाले, शिकली म्हणान बोलता. मी म्हटलं, होय, शिकले म्हणूनच बोलते. माझ्या शिक्षणासाठी आईने काजूच्या चिकाने बोटं जाळून घेतलीत, मग बोलू नको तर काय करू.

काका खुर्चीतून म्हणाले, चेडू बरोबर बोलता. माका कोणी इचारल्यान नाय. माका ने थंय.

१ डिसेंबर

नेलं.

खुर्ची वाळूत रुतली तेव्हा सुदेशने वडिलांना पाठुंगळी घेतलं. काकी आल्या. महादूमामा आले, पण लांब उभे राहिले. भर दुपारी, उन्हात. दगडापुढे काकांना मांडी घालून बसवलं, पाठीला मी टेकू दिला.

गाऱ्हाणं मी घातलं. मला त्यातलं वळण येत नाही, म्हणून सरळ बोलले. म्हटलं, या माणसाचे पाय याला न विचारता दिले गेले. आज हा शुद्धीवर आहे. याला विचारते. काशीराम, तुमचे पाय तुम्ही दिलेत का?

आणि थांबले.

काका म्हणाले, नाय म्हाराजा.

असं कोणी कधी म्हटलेलं नाही. महादूमामांनी कानांवर हात ठेवले. वारा पडला. मग माझ्या मांडीला लागून असलेल्या काकांच्या पायाचा अंगठा हलला. मी हलवला नव्हता. मी म्हटलं, पुन्हा. त्यांनी पुन्हा हलवला. हवा तेव्हा, हवा तसा.

सुदेश वाळूत बसून रडला. काकी म्हणाल्या, रडतंस कित्याक, उचल बापाशीक, ऊन लागता. संध्याकाळी बाटली लावली तर रेघ पुन्हा बेंबीपाशी होती. आईला फोन करून एवढंच सांगितलं, अंगठा हलला.

२ डिसेंबर

ठिकाणच्या नव्या चपला तिथे नाहीत.

दुपारी सगळे जागे होतो. घराभोवती चपलांचा आवाज आला. सावकाश. नव्या चामड्याचा करकर. एक फेरी, मग दुसरी. मग पडवीच्या बाहेर थांबला आणि गाऱ्हाणं सुरू झालं. आवाज महादूमामांचा होता, वळण, हेल, सगळं त्यांचं. बा म्हाराजा, काशीरामचे पाय तुका. आणि थांबला.

सुदेशच्या तोंडून ‘व्ह’ निघाला होता. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. काकींनी स्वतःच्या. माझी जीभ टाळूला लागली होती. मलाही तेच म्हणायचं होतं. म्हणायचं नव्हतं, पण येत होतं.

महादूमामा त्या वेळी मालवणच्या बाजारात होते. सुदेशने फोन करून विचारलं.

३ डिसेंबर

गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारली की पाय उडतो. त्यासाठी मेंदूला विचारावं लागत नाही, खालच्या खाली उत्तर जातं. आम्ही सगळे बोलायला लागायच्या आधीपासून गाऱ्हाणं ऐकत आलोय. वर थांबलं की खाली व्हय. त्यात माणूस नसतोच. आणि देवचार नेमका तिथेच विचारतो.

वाडीत घरोघर जाऊन सांगितलं की दुपारी काहीही ऐकू आलं तरी उत्तर देऊ नका. कोणी मान डोलावली. कोणी म्हणालं, तू इलंस आणि ह्या सुरू झाला. भिकाजीआजोबा म्हणाले, माका निजल्यावर काय ऐकाकच येणा नाय.

आम्ही तोंडांना पट्ट्या लावल्या. माझ्या पेटीतल्या, स्नायूंना लावायच्या, रुंद. काकी सगळ्यांत आधी पुढे आल्या, चेहरा वर करून, डोळे मिटून.

आवाज आला. विचारलं. थांबला. घरात कोणी बोललं नाही.

पुन्हा विचारलं. थांबला —

कुंपणापलीकडून, झोपेतल्या माणसाचा आवाज. व्हय म्हाराजा.

काकांचा हलता अंगठा मी धरूनच बसले होते.

गेला.

४ डिसेंबर, सकाळ

रेघ छातीवर. काकांना खोकता येत नाही, शब्द तुटतात. ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, निघाली म्हणतात. इस्पितळात ते ऑक्सिजन देतील, त्याची गरज आहेच. पण दुपार त्याआधी येईल.

चूक माझी झाली, ती कळली. गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. आपण मोकळी ठेवलेली जागा दुसरं कोणीतरी भरतं. मार्चमध्ये हेच झालं होतं, आणि मी तेच केलं, वर चिकटपट्टी लावून.

काकांना विचारलं. नीट, समोर बसून. तुमच्या वतीने मी बोलू का. नको असेल तर मान हलवा. त्यांनी माझा हात धरला आणि ओठांनी सांगितलं, बोल. मग श्वास गोळा करून आणखी एक शब्द म्हणाले. मोठ्यान.

४ डिसेंबर, दुपार

पट्ट्या काढून टाकल्या. दार उघडं केलंय. मी पडवीत बसलेय, वही गुडघ्यावर, कारण हे कोणीतरी लिहायला हवं. काका माझ्या मागे खुर्चीत, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. सुदेश भिकाजीआजोबांना उठवायला गेलाय, कालचं ‘व्हय’ त्यांचंच होतं. काकी —

करकर.

पहिली फेरी.

विचारलं. थांबला. मी बोलले. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. नाय म्हाराजा. माडांवरचे कावळे उडाले.

पुन्हा विचारलं. तो थांबायच्या आत बोलले. काकीही बोलल्या. त्यांचा आवाज फाटला, पण बोलल्या. नाय.

काका खोकले. नीट खोकले, छातीतून. अंगठा — मला दिसत नाही, काकी दाखवताहेत — हलतोय, दोन्ही —

चपला अंगणातून पायरीशी आल्या. नुसत्या चपला. टोकं माझ्याकडे.

आता काशीराम म्हणत नाही. आवाज माझ्या आईचा आहे. बा म्हाराजा, तेजस्वीचे हात, लिवतत ते, तुका.

थांबला.

मी नाही म्हटलं आहे. तो थांबला तेव्हाच म्हटलं, स्पष्ट, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. पुन्हा विचारतोय. पुन्हा म्हटलं. मी उठणार नाही, दार लावणार नाही. माझं उत्तर मी दिलंय, दुसऱ्या कोणाचं चालणार ना —

सुदेश कुंपणाकडून धावत येतोय, हात हलवतोय. त्याच्या मागे भिकाजीआजोबांच्या दारात कोणीतरी तोंड उघ